वाचकांचे प्रश्न : बोलणारे यंत्र आणि छाती दाबणारे हात

प्रश्न : काही महिन्यांपूर्वी आमच्या डोंबिवलीतील सोसायटीत एक सभासद जिन्यात कोसळले आणि रुग्णवाहिका येण्याआधीच त्यांचे निधन झाले. त्यानंतर कमिटीने एईडी, म्हणजे हृदयाची बिघडलेली लय विजेच्या शॉकने सुधारणारे यंत्र, घेण्याचे ठरवले आहे. यंत्र स्वतःच बोलून सगळ्या सूचना देते, त्यामुळे प्रशिक्षणाची गरज नाही, असे विक्रेता सांगतो. छाती किती खोल दाबली जाते हे सांगणारे मॉडेल बरेच महाग आहे. ते घ्यावे का? – सोसायटीचे सचिव

उत्तर : यंत्र बोलते, हे खरे आहे. झाकण उघडले किंवा बटण दाबले, की ते छातीवरचे कपडे काढण्यापासून एकेक पायरी सांगू लागते. एक पॅड उजव्या कॉलरबोनखाली आणि दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांवर लावायचा असतो, त्याचे चित्र पॅडवरच छापलेले असते. पॅड चिकटले, की यंत्र हृदयाची विद्युत लय तपासते आणि शॉकने सुधारेल अशी लय सापडली तरच शॉकची तयारी करते. त्यामुळे चुकून धडधाकट माणसाला शॉक बसेल ही भीती मनातून काढून टाकावी.

प्रशिक्षण नको, हे मात्र मला मान्य नाही. माणूस कोसळल्यापासून यंत्राचे झाकण उघडेपर्यंतचा काळ यंत्राच्या हातात नसतो, आणि छाती दाबणे व शॉक यांवाचून गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. हृदय बंद पडलेला माणूस पहिली काही मिनिटे घोरल्यासारखे आचके देऊ शकतो. बघणाऱ्यांना वाटते, श्वास चालू आहे. मग कोणी तोंडावर पाणी मारतो, कोणी कांदा हुंगवतो, कोणी पाणी पाजू पाहतो. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दिसले की एकाने 108 ला फोन लावायचा, दुसऱ्याने यंत्र आणायला धावायचे आणि तिसऱ्याने त्याच क्षणी छाती दाबायला लागायचे, हे आधी शिकवलेलेच असावे लागते.

आता महागड्या मॉडेलविषयी. काही यंत्रे केवळ ठेका देतात, म्हणजे घड्याळासारखी टिकटिक ऐकवतात आणि त्या तालावर आपण दाबत राहायचे. महाग मॉडेलमध्ये छातीच्या मध्यावर, तळहाताखाली येणारा एक संवेदक असतो. मोबाइल आडवा केल्यावर पडदा फिरवणारा जो भाग असतो, त्याच जातीचा हा भाग हाताच्या हालचालीचा वेग कसा बदलतो ते टिपतो आणि त्यावरून छाती किती खाली गेली याचे गणित मांडतो. प्रौढ माणसाची छाती किमान 5 सेंटिमीटर, पण 6 हून जास्त नाही, इतकी आणि मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबली जावी, असा संकेत आहे. प्रत्येक वेळी ती पूर्ण वर येऊ देणेही तितकेच महत्त्वाचे, कारण हृदयात रक्त भरते ते त्याच क्षणी.

या संवेदकाचा उपयोग मी प्रशिक्षणाच्या वर्गात अनेकदा पाहिला आहे. उत्साही तरुण पहिले मिनिट नेमके दाबतो, दीड मिनिटानंतर खोली चार सेंटिमीटरवर येते आणि वेग मात्र 140 च्या घरात जातो. त्याला विचाराल तर तो म्हणतो, मी तसाच दाबतोय. थकवा हातांना कळण्याआधी यंत्राला कळतो आणि ते ‘आणखी जोरात दाबा’ असे बजावते. म्हणूनच दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा, असे सांगितले जाते.

तरीही जास्तीचे पैसे मोजण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अमेरिका आणि कॅनडातील रुग्णवाहिका पथकांवर झालेला, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास असे दाखवतो, की अशा सूचनांनी दाबण्याची प्रत सुधारली, पण वाचणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही. ती पथके मुळातच तरबेज होती, तेव्हा तो निष्कर्ष सोसायटीच्या जिन्याला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. पण महाग यंत्र म्हणजे जास्त जीव, असेही त्यातून निघत नाही. पैसे मोजकेच असतील तर मी साधे एईडी घेईन आणि उरलेल्या रकमेतून खोली दाखवणाऱ्या पुतळ्यावर रहिवाशांचा व वॉचमनचा सराव दरवर्षी करून घेईन. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही 2019 पासून प्रौढांच्या सीपीआर (छाती दाबून व श्वास देऊन रक्ताभिसरण चालू ठेवणे) प्रशिक्षणात असे मोजणारे साधन सक्तीचे केले आहे.

खरेदीपूर्वी यंत्राचा आवाज स्वतः ऐका. रात्री दारावर असणाऱ्या माणसाला कळेल त्या भाषेत ते बोलायला हवे. पॅडना मुदत असते आणि बॅटरीही बदलावी लागते. तयारीची हिरवी खूण रोज पाहण्याचे काम एकाच्या नावावर टाका. आणि कृपा करून यंत्र ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद ठेवू नका, नाहीतर किल्ली खजिनदारांकडे आणि खजिनदार गावी, अशी गत व्हायची.

प्रश्न : आमच्या कारखान्यात एका कामगारावर एईडी लावले असता यंत्राने ‘शॉकची गरज नाही’ असे सांगितले. सगळे थांबले. ते बरोबर होते का? – प्रथमोपचार पथकातील सदस्य, पुणे जिल्हा

उत्तर : नाही, आणि हा गैरसमज फार ठिकाणी दिसतो. त्या वाक्याचा अर्थ एवढाच, की आत्ताची लय शॉकने सुधारणारी नाही. हृदय पूर्ण शांत असेल तरी यंत्र हेच सांगते, आणि ते पुन्हा नीट चालू झाले असेल तरीही हेच सांगते. यंत्र नाडी पाहत नाही, मृत्यूही घोषित करत नाही. माणूस हालचाल करत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर लगेच पुन्हा छाती दाबायला लागायचे. दोन मिनिटांनी यंत्र परत तपासते आणि तोवर लय बदललेली असू शकते. पॅड काढू नका, यंत्र बंद करू नका.

प्रश्न : वॉर्डात पलंगावर सीपीआर देताना छातीवरचे उपकरण खोली योग्य दाखवत होते, पण ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, दाब कमी पडतोय. खरे कोण? – परिचारिका, नाशिक

उत्तर : बहुधा डॉक्टर. उपकरण स्वतः किती खाली गेले ते मोजते, आणि मऊ गादीवर त्यातला काही भाग गादी दबल्याचा असतो. पाठीखाली दुसरा भाग ठेवून दोहोंमधले अंतर मोजणारी उपकरणे ही चूक टाळतात. तसे नसेल तर पाठीखाली कडक फळी सरकवावी, मात्र त्यासाठी दाबणे लांबू देऊ नये. रुग्णाला श्वासनलिकेत नळी घातलेली असेल, तर कॅप्नोग्राफकडेही, म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या उपकरणाकडेही, नजर ठेवा. त्यावरचा आकडा 10 च्या (मिलिमीटर पारा) खाली रेंगाळत असेल तर दाब सुधारायला हवा, आणि तो एकदम 40 च्या आसपास उसळला तर हृदय पुन्हा चालू झाल्याची ती पहिली खूण असू शकते.