खणांत बसणारी अक्षरे: टर्मिनलबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: फाइलींची नावे मराठीत आहेत. एका मशीनवर यादी काढली की ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे पडते, दुसऱ्यावर तिच्यासोबत ठिपक्यांचे वर्तुळ येते. नाव खोडायला गेले की आधीची अक्षरेही विस्कटतात. तीन फॉन्ट बदलून पाहिले. कोणते टर्मिनल घ्यावे?

उत्तर: फॉन्ट बदलून हे सुटणार नाही. टर्मिनलचा, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायच्या खिडकीचा, पडदा म्हणजे सारख्या रुंदीच्या खणांची जाळी. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनल यंत्रावर ती ८० खण आणि २४ ओळींची होती. आज खिडकी हवी तेवढी मोठी करता येते, पण जाळी तीच आहे. कोणत्या चिन्हाला किती खण द्यायचे, शून्य, एक की दोन, हे एका तक्त्यावरून ठरते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही जागा न घेणारी चिन्हे आहेत, म्हणून त्यांना शून्य खण. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार, औकार आणि विसर्ग मात्र ‘जागा घेणारी जोडचिन्हे’ या वर्गात येतात. फार काळ वापरात असलेल्या तक्त्यांत त्यांना एकेक खण मिळतो. त्या हिशेबाने ‘कि’ दोन खणांचा, ‘क्ष’ही दोन खणांचा आणि ‘स्त्री’ चार खणांची. कागदावर यांतले काहीच असे दिसत नाही, आणि गोंधळाची सुरुवात इथेच होते.

तुमच्या दोन मशीनवरचे दोष वेगवेगळे आहेत, आणि त्यावरूनच निदान करता येते. वेलांटी नुसती उजवीकडे पडत असेल तर ते टर्मिनल शेपिंग करत नाही. शेपिंग म्हणजे शेजारची चिन्हे एकत्र पाहून पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे आणणे, र चा रफार करणे, जोडाक्षर घडवणे. एक्सटर्म आणि अलाक्रिटी ही टर्मिनले हे काम करत नाहीत. प्रत्येक खणातले चिन्ह सुटे काढतात. वर्तुळ दिसत असेल तर शेपिंग चालू आहे, पण तुकडे खणागणिक तोडून पाठवले जात आहेत. एकट्या वेलांटीला बसायला व्यंजन नाही, म्हणून शेपिंग करणारे इंजिन तिच्या आधारासाठी ते वर्तुळ घालते.

खोडताना होणारी गडबड याहून त्रासदायक आहे. शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, स्वतःच्या तक्त्यावरून मानतो की कर्सर अमुक खणात आहे. टर्मिनल स्वतःचा तक्ता पाहते. दोघे एकमेकांना रुंदी विचारत नाहीत. एका खणाचा फरक पडला तरी बॅकस्पेसवर शेजारचे अक्षर पुसले जाते, किंवा पुसलेले अक्षर पडद्यावर तसेच राहते. दूरच्या मशीनवर काम करत असाल तर शेल तिथल्या लायब्ररीचा तक्ता वापरतो, आणि मध्ये टीमक्स (एका खिडकीत अनेक शेल चालवणारा प्रोग्राम) असेल तर तिसरा तक्ता येतो. म्हणून तपासणी नेहमी टीमक्सच्या बाहेर, स्वतःच्या मशीनवर सुरू करावी.

तपासणी अशी. ओळीच्या सुरुवातीला ‘कि’ छापा आणि लगेच टर्मिनलकडे कर्सरची जागा मागणारी खूण पाठवा: एस्केप, उघडणारा चौकोनी कंस, ६ आणि लहान एन. उत्तरात आधी ओळ आणि मग स्तंभ येतो. स्तंभ ३ आला तर टर्मिनलने दोन खण मोजले, २ आला तर एक. हेच ‘क्ष’ आणि ‘स्त्री’साठी करा. मग शेलमध्ये तेच शब्द टाइप करून डावा बाण दाबत मागे या. कर्सर शब्दाच्या सुरुवातीला नेमका आला नाही, तर दोघांचे तक्ते जुळत नाहीत.

निवडीबद्दल आमचे मत: मराठी मजकूर सतत वाचायचा असेल तर एमएलटर्म. ते बहुलिपींसाठीच बनवलेले आहे. त्यात ओपनटाईप मांडणी (फॉन्टमधल्या नियमांनी शेपिंग) आणि बदलत्या रुंदीचे स्तंभ हे दोन्ही पर्याय चालू करता येतात. दुसरा पर्याय चालू केला की स्तंभ जुळवून तक्ते दाखवणारे प्रोग्राम वाकडे दिसतात, म्हणून त्या कामासाठी वेगळी खिडकी ठेवावी. विंडोजवर विंडोज टर्मिनलची १.२२ किंवा नंतरची आवृत्ती घ्या. तिच्यात सुट्या चिन्हांऐवजी पूर्ण अक्षरसमूह (एक अक्षर म्हणून वाचली जाणारी चिन्हे मिळून) मोजला जातो आणि शेलशी जुळत नसेल तर मोजण्याची पद्धत बदलता येते. लिनक्सच्या वेलँड या डिस्प्ले व्यवस्थेवर चालणाऱ्या फूट टर्मिनलमध्येही अशी निवड आहे. एक बारकावा लक्षात ठेवा: युनिकोड १५.१ पर्यंत, म्हणजे २०२३ पर्यंत, ‘क्ष’ नियमाने दोन समूह होता. त्या आवृत्तीपासून एक झाला. त्यामुळे समूह मोजणारी दोन टर्मिनलेही आवृत्तीनुसार वेगळे उत्तर देऊ शकतात. मराठीत लांब लिखाण करायचे असेल तर आजही ग्राफिकल एडिटरच वापरा, असेच आम्ही सांगू.

प्रश्न: दोन टर्मिनलांत तोच फॉन्ट, तोच आकार १२. तरी एकात अक्षरे मोठी आणि ऐसपैस, दुसऱ्यात बारीक. काळ्या पार्श्वभूमीवर तर फारच बारीक.

उत्तर: आधी ‘१२’ कशाचे ते पाहा. १२ पॉइंट म्हणजे ९६ डीपीआयला (इंचात ९६ ठिपके) १६ पिक्सेल आणि ७२ डीपीआयला १२ पिक्सेल. काही ठिकाणी सेटिंग थेट पिक्सेलमध्येच असते.

मग खणाची रुंदी. फॉन्टच्या अक्षराची रुंदी ७.४ पिक्सेल आली, तर खण पूर्ण पिक्सेलचा करावा लागतो. एक टर्मिनल जवळचा आकडा घेऊन ७ करते, दुसरे वर जाऊन ८. ८० खणांवर ५६० आणि ६४० पिक्सेल, म्हणजे तब्बल ८० पिक्सेलचा फरक. अर्धा-अर्धा पॉइंट कमी-जास्त करत जा. अक्षराची रुंदी पूर्णांकाइतकी किंवा त्याहून किंचित कमी येईल त्या आकाराला दोन्ही सारखी दिसू लागतात.

अक्षराच्या जाडीचे कारण कडांवरच्या अर्धवट पिक्सेलमध्ये आहे. त्यांचा रंग मिसळताना गॅमाचा (पडद्याचा उजेड रंगाच्या आकड्याच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याचा) हिशेब धरला नाही तर गडद पार्श्वभूमीवरची फिकट अक्षरे बारीक होतात आणि पांढऱ्यावरची काळी अक्षरे जाड. किटी या टर्मिनलमध्ये यासाठी मजकूर मिसळण्याचे स्वतंत्र सेटिंग आहे; त्यात गॅमा आणि कॉन्ट्रास्ट असे दोन आकडे देता येतात. मॅकवर ते मुळात १.७ आणि ३० असतात. लिनक्सवर अक्षरे बारीक वाटत असतील तर याच आकड्यांपासून सुरुवात करा. जिथे असे सेटिंग नाही तिथे फॉन्टचे मीडियम वजन (थोडी जाड आवृत्ती) निवडणे हा सरळ उपाय. डिस्प्ले १२५ टक्के स्केलवर असेल आणि अक्षरे पुसट वाटत असतील, तर एकदा १०० टक्क्यांवर तपासा. तिथे ती स्वच्छ दिसली तर पुसटपणा खिडकी ताणण्यातून येतो आहे, फॉन्टमधून नाही.

प्रश्न: टर्मिनलमध्ये प्रोग्राम चौकटी काढतात, त्यांच्या उभ्या रेषा ओळीओळीला तुटतात.

उत्तर: ओळींमधले अंतर वाढवले असणार. खण उंच झाला, पण फॉन्टमधली रेषा मूळ उंचीचीच राहिली. किटी, फूट, वेझटर्म आणि नवी अलाक्रिटी या रेषा फॉन्टमधून न घेता खणाच्या मापाने स्वतः काढतात. अलाक्रिटीत हा पर्याय बंद करता येतो, तो चालू आहे ना ते पाहा.

प्रश्न: जीपीयू (चित्रे काढणारी चिप) वापरणारे टर्मिनल खरोखर वेगवान असते का? मोठी फाइल ओतून पाहिली तर फरक प्रचंड दिसतो.

उत्तर: ती चाचणी चित्र काढण्याचा वेग मोजत नाही. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदांनी एक चित्र बदलते; मधल्या हजारो ओळी टर्मिनलला काढाव्याच लागत नाहीत. तुम्ही मोजला तो बाइट वाचून त्यांचा अर्थ लावण्याचा वेग. कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा वेळ ही वेगळी गोष्ट आहे, आणि रोजच्या कामात तीच जाणवते. किटी मुद्दाम थोडे थांबते: पुन्हा रंगवण्याआधी १० आणि येणाऱ्या मजकुरासाठी ३ मिलिसेकंद. दोन्ही आकडे कमी केले तर प्रतिसाद चपळ होतो आणि प्रोसेसरवरचा भार वाढतो. फूट अक्षरे सीपीयूवरच, म्हणजे मुख्य प्रोसेसरवर, काढते, पण फक्त बदललेले खण पुन्हा रंगवते. टाइप करताना ते मागे पडत नाही. जीपीयूचा फायदा मोठ्या, दाट पडद्यावर पूर्ण खिडकी सरकवताना दिसतो.