हेड गर्ल झालीस? आधी नावं पाठ कर

अगं, अभिनंदन! मीही बडोद्यात मुलींच्या शाळेत वर्षभर हे काम केलंय, म्हणून सांगते. पहिल्या महिन्यात नवे उपक्रम काढूच नकोस. लहान वर्गांतली नावं पाठ कर. पाचवीतल्या मुलीला "ए, रांग नीट कर" म्हणण्याऐवजी नावानं हाक मारलीस, की तिचा चेहराच खुलतो.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- सगळी कामं मैत्रिणींना वाटणं. नवरात्रात गरब्याच्या तयारीला मी फक्त माझ्याच वर्गातल्या मुली घेतल्या. आठवीच्या मुली भिंतीला टेकून नुसत्या बघत होत्या. ते अजून टोचतं.
- सगळं स्वतःच करणं.

मधल्या सुट्टीत एकटीच डबा खाणारी कोण, ते बघ आणि तिच्या शेजारी जाऊन बस. शाळा 'आपली' वाटायला लागते ती तिथून.

आणि बोलायला दबकू नकोस. बडोदा संस्थानात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मुलींनाही. महाराणी चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. पहिल्या प्रार्थनेनंतर हे दोन मिनिटांत सांग, मराठी-गुजराती दोन्हींत.

स्नेहसंमेलनाचं दिवाळीनंतर बोलू.