शिझियाने पोर्तुगीजमध्ये का लिहितात?

प्रश्न : मोझांबिकच्या लेखिका पाउलिना शिझियाने यांना २०२१ साली पोर्तुगीज भाषेतील प्रतिष्ठेचा कामोंइश पुरस्कार मिळाला. आमच्या वडिलांची पिढी निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकली; पण संस्थान गेले आणि शाळा-कचेऱ्यांत मराठी आली. मोझांबिक १९७५ साली स्वतंत्र होऊनही तेथील लेखिका राज्यकर्त्यांच्याच भाषेत का लिहिते?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपली तुलना अर्ध्या वाटेपर्यंत नीट चालते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच उर्दू होते. तरीही घरात, कीर्तनात आणि बाजारात मराठी होती, आणि आपल्याच गावच्या मुकुंदराजांपासून चालत आलेले लिखित वाङ्मय तिच्या पाठीशी होते. त्यामुळे सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्याला आपल्या भाषेकडे वळणे शक्य झाले. मोझांबिकमध्ये मखुवा, सेना, त्सोंगा, चोपी अशा अनेक बांटू भाषा आहेत. सर्वांत मोठी मखुवा, पण ती उत्तरेची. कोणत्याही एका प्रदेशाची भाषा वरचढ होऊन देश फुटू नये, या विचाराने सत्तेवर आलेल्या फ्रेलिमो पक्षाने पोर्तुगीज हीच राजभाषा ठेवली. (हा देश आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही : १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातून चालत असे.)

शिझियाने यांचा जन्म १९५५ साली दक्षिणेकडील गाझा प्रांतात, मांजाकाझे येथे झाला. पुढे कुटुंब आजच्या राजधानी मापुतोच्या, म्हणजे तेव्हाच्या लॉरेंसो मार्किशच्या, उपनगरात आले. चोपी आणि रोंगा या त्यांच्या भोवतीच्या भाषा. पोर्तुगीज त्या कॅथलिक मिशनच्या शाळेत शिकल्या. त्यांच्या बालपणापर्यंत वसाहतीच्या कायद्याने आफ्रिकी माणसाला पूर्ण नागरिकत्व हवे असेल, तर पोर्तुगीज येणे आणि युरोपीय राहणी पत्करणे आवश्यक होते. हा भेद १९६१ साली रद्द झाला. लेखणीसाठी त्यांना जी भाषा मिळाली, ती अशा अटींसह आलेली होती. तरुणपणी त्या फ्रेलिमोच्या कार्यात होत्या, पुढे त्यांचा भ्रमनिरास झाला. १९७७ ते १९९२ या काळातील यादवी युद्धात त्यांनी रेड क्रॉसबरोबर काम केले आणि १९९३ सालच्या ‘व्हेंतुश दु अपोकालिप्स’ या कादंबरीत त्या युद्धाने उखडलेल्या माणसांची कथा सांगितली.

मात्र आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर २००२ सालच्या ‘निकेत्शे’मध्ये सापडते. रामी ही मापुतोमधील एका पोलीस अधिकाऱ्याची पत्नी. टोनी या आपल्या नवऱ्याने देशाच्या निरनिराळ्या भागांतील आणखी चार बायकांशी संसार थाटले आहेत, हे तिला कळते. पहिल्यांदा ती सवतींशी भांडते, मारामारीही करते; मग हळूहळू त्यांना एकत्र आणते, त्यांना लहानसहान व्यापार सुरू करायला भांडवल देते आणि नवऱ्याच्या वाढदिवसाच्या समारंभात साऱ्या सवती मुलाबाळांसह उभ्या करते. भांडवल हातोहात फिरवण्याचा तो भाग वाचताना आपल्याकडील बचत गटाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. केवळ नवऱ्याला धडा शिकवण्याची गोष्ट म्हणून हे पुस्तक वाचले, तर निम्मी कादंबरी हातची जाते. दक्षिणेत वंश बापाकडून चालतो आणि वधूसाठी लोबोला, म्हणजे वधूमूल्य, द्यावा लागतो, तर उत्तरेतील मखुवा समाजात वंश आईकडून मोजला जातो. या दोन जगांतील स्त्रिया एकमेकींना जोखतात, हिणवतात आणि शिकवतात, हा कादंबरीचा गाभा आहे. त्या परस्परांशी बोलू शकतात त्या पोर्तुगीजमधूनच. प्रत्येक सवत आपल्या प्रांताची प्रतिनिधी म्हणून उभी राहिल्याने काही ठिकाणी पात्रे आखीव वाटतात, हा दोष मला जाणवतो; पण रामीचा आवाज तो झाकून टाकतो. ती आरशाशी बोलते, म्हणी आणि गाणी पेरते, एकच वाक्य पुन्हा पुन्हा फिरवून सांगते, आणि शाळेत शिकवल्या जाणाऱ्या पोर्तुगीजपेक्षा शेकोटीभोवतीच्या कथनाची लय कानी पडते. शिझियाने स्वतःला कादंबरीकार न म्हणता गोष्टी सांगणारी म्हणवतात, त्याचे कारण येथे दिसते.

एक अडचण मात्र या उत्तराने सुटत नाही. ज्या ग्रामीण स्त्रियांचे जगणे या पुस्तकांत आहे, त्यांच्यापैकी असंख्य जणींना पोर्तुगीज वाचता येत नाही. त्यामुळे लेखिकेची निवड समजण्याजोगी असली, तरी तिची किंमत वाचकवर्गाच्या रूपाने मोजावी लागली आहे, असे माझे मत आहे.

प्रश्न : शिझियाने या कादंबरी लिहिणाऱ्या पहिल्या आफ्रिकी स्त्री, असा उल्लेख वाचनात आला. तो बरोबर आहे काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. १९९० साली ‘बालादा दे आमोर आउ व्हेंतु’ प्रसिद्ध झाल्यावर त्या कादंबरी प्रकाशित करणाऱ्या मोझांबिकच्या पहिल्या स्त्री ठरल्या. नायजेरियाच्या फ्लोरा न्वापा यांची ‘एफुरू’ ही इंग्रजी कादंबरी १९६६ सालीच आली होती. कामोंइश पुरस्कार मिळालेल्या पहिल्या आफ्रिकी स्त्री मात्र शिझियानेच. त्यांच्या आधी मोझांबिकमधून जुझे क्राव्हेरिन्या (१९९१) आणि मिया कोउतु (२०१३) या दोघांना तो मिळाला होता.