मुंबई–न्यूयॉर्क: अंतर कळलं, वेळ कसा काढायचा?

अंतराला विमानाच्या ताशी 900 किमी वेगाने भागून मोकळं होऊ नका. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ हवाई अंतर साधारण 12,550 किमी, म्हणजे हिशेबाने चौदा तास. प्रत्यक्षात जाताना पंधरा-सोळा लागतात. भिंतीवरच्या नकाशात वाट अरबस्तान-आफ्रिकेवरून जाईलसं वाटतं, पण गोलावर दोरा ताणून बघा: तो रशिया, नॉर्वे, आइसलंडच्या बाजूने जातो. विमानं नेमकी त्याच रेषेवर उडतातच असं नाही. 2022 पासून रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद आहे, त्यांना वळसा पडतो.

शिवाय वारा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो, त्यामुळे परतीचा प्रवास बहुधा तासाभराने कमी. हिवाळ्यात जास्तच.

तिकिटावरच्या वेळा मात्र स्थानिक असतात, आणि बहुतेक नवखे इथेच गोंधळतात. रात्री दीडला निघून सकाळी सातला पोहोचणार, म्हणजे साडेपाच तास? नाही हो! उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, म्हणून प्रवास पंधरा तासांचा. नोव्हेंबर ते मार्च हा फरक साडेदहा धरा. धावपट्टीवरची रखडपट्टीही तिकिटावरच्या वेळांतच मोजलेली असते.