आधी कॅमेरा की आधी गोष्ट?

प्रश्न : आजोबा आणि नातीवर शॉर्टफिल्म करायची आहे. आधी चांगला कॅमेरा घेऊ का?

उत्तर : कॅमेरा राहू द्या, फोन पुरेल. आधी गोष्ट एका वाक्यात सांगून बघा. अडखळलात तर ती अजून पिकायची आहे. मग पटकथा. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण १ मिनिट, म्हणून ५ पानांत थांबा. ‘आजोबांना एकटं वाटतं’ हे कॅमेऱ्याला दिसत नाही; नात गेल्यावर तिची राहिलेली चप्पल ते दारात सरळ करून ठेवतात, हे दिसतं. माझ्या पहिल्या फिल्ममधली पात्रं नुसती बोलत होती. एडिटिंगला निम्मे संवाद कापले, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो दाराच्या कडीवर थबकलेला आईचा हात. आणि हो, शूटिंगची जागा बघायला जाल तेव्हा पंखा बंद करून ५ मिनिटं नुसतं ऐका; रेकॉर्डिंगमध्ये कोणते आवाज घुसतील ते कळेल.