ओटा फोडण्याआधी : स्वयंपाकघराबद्दल वाचकांचे चार प्रश्न

आमचं घर सांगलीत गावभागात, तळमजल्यावर आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत स्वयंपाकघर बुडालं. दोन्ही वेळा प्लायवूडची कपाटं टाकून द्यावी लागली. सुतार म्हणतात, या वेळी मरीन प्लाय घ्या, काही होणार नाही. घ्यावा का?

नका घेऊ. आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लाय सिंकखालच्या ओलीला चांगला टिकतो. पण दिवसेंदिवस गढूळ पाण्यात उभं राहणं वेगळं. लॅमिनेट फुगतं, कडेच्या पट्ट्या सुटतात, स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरतं आणि फळीमागे गाळ अडकून कुजतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी गाठली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. एवढ्या पाण्याला अडवणारं कपाट नसतं. पाणी ओसरल्यावर पाइप मारून धुता येईल, असं स्वयंपाकघर मात्र बांधता येतं.

ओट्याखाली कडाप्प्याचे उभे-आडवे कप्पे करा, वर ग्रॅनाइट. आत ३०४ ग्रेड स्टीलच्या ट्रॉल्या, चॅनलवरून उचलून काढता येतील अशा. दारं अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची, म्हणजे इशारा मिळताच बिजागऱ्यांचे स्क्रू काढून माडीवर नेता येतात. कप्प्यांच्या तळाला पुढे थोडा उतार द्या आणि खाली सजावटीची पट्टी लावून फट बुजवू नका, गाळ तिथंच बसतो. वायरिंग छताकडून खाली उतरवा. तळमजल्याचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा स्विच, वेगळा आणि माडीवर हवा. आणखी एक काम बहुतेक जण विसरतात. पूर पुष्कळदा उंबऱ्याआधी मोरीतून घरात येतो. सांडपाण्याच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवा आणि दर मे महिन्यात तो उघडून साफ करा. पाणी खूप चढलं तर त्यानं घर वाचणार नाही, पण गटाराचं पाणी आधीच घरात यायचं टळेल, सामान हलवायला वेळ मिळेल.

सासूबाईंची उंची ४ फूट १० इंच, माझी ५ फूट ५ इंच. स्वयंपाक दोघी करतो. ओटा किती उंच ठेवावा? (विश्रामबाग, सांगली)

घरात वापरता त्या चपला घालून सरळ उभ्या राहा, हात कोपरात काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतच्या मापातून ४ ते ५ इंच वजा करा. सासूबाईंना साधारण ३२ आणि तुम्हाला ३६ इंच येईल. मध्य काढून ३४ चा ओटा केलात तर त्यांचे खांदे भरून येतील आणि तुमची कंबर.

म्हणून कोण काय करतं ते आधी बघा. शेगडी स्वतःच चार-एक इंच उंच असते, वर पातेलं. तो भाग सासूबाईंच्या मापाचा किंवा थोडा खालीच ठेवा. सिंकचा तळ आठेक इंच खाली असतो, तिथं वाकावं लागतं. तो भाग तुमच्या मापाचा. भाकरी थापायला वरून जोर लागतो. त्यासाठी दोन-अडीच फूट लांबीचा तुकडा २८-२९ इंचांवर घ्या. गवंड्याला बोलावण्याआधी विटांवर फळी मांडून दोन दिवस तिथंच भाकरी थापून बघा. माझी आई जन्मभर दुसऱ्याच कुणाच्या मापाच्या ओट्यावर राबली, म्हणून हे मी आग्रहानं सांगते : जिचे हात पिठात असतात, माप तिनंच ठरवावं.

पांढरा क्वार्ट्‌झ हवा आहे. चालेल का? (मिरज)

आपल्या हळदीच्या जिल्ह्यात मी काळा ग्रॅनाइटच सुचवीन. क्वार्ट्‌झ हा कारखान्यात बनवलेला दगड, त्यात रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ) असतं. हळद बराच वेळ राहिली तर डाग पडतो आणि गरम कढई थेट ठेवली तर कायमची खूण उठते. पांढराच हवा असेल तर थेट ऊन पडणार नाही असा भाग करा, उन्हानं रेझिन पिवळं पडू शकतं. टाइलच्या सांध्यांत सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. संगमरवर मात्र नको. लिंबू, चिंच, आमसूल त्याला खातात.

सिलिंडर ओट्याखाली दार लावून झाकला तर चालेल का? (सातारा)

पूर्ण बंद कप्प्यात नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून दाराच्या अगदी खालच्या भागात जाळी हवी, आणि त्या कप्प्यात स्विच किंवा सॉकेट नको. सिलिंडर उभाच ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून किंवा ट्रॉलीमागून तर नकोच. सगळी नळी डोळ्यांना दिसली पाहिजे. तिच्यावर छापलेली तारीख आजच वाचा. पाच वर्षं झाली असतील तर नव्या ओट्याची वाट न बघता या आठवड्यात बदलून घ्या.