चाळिशीत मास्टर्स? आधी मागची बॅच घेऊन या

परवानगी घेऊन आणि ओळख बदलून लिहितेय. महापेच्या एका कंपनीत अप्रेंटिस पोरांना शिकवणारे, वय ३९, आयटीआय फिटर, नंतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीए. दादरला माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आले ते तणतणतच. ट्रेनिंग मॅनेजरची जागा निघाली आणि एमबीए झालेला सत्तावीस वर्षांचा मुलगा वर येऊन बसला. "मॅडम, त्याला कानस कशी धरतात ते माहीत नाही. मी आता या वयात शिकून काय करू? आणि करायचं तर एमबीए की आणखी काय?"

हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतोच, वय फक्त बदलतं.

मी डिग्रीचं नावच काढलं नाही. म्हटलं मागच्या बॅचचं सांगा. वीस पोरं, सगळी पास, फीडबॅक फॉर्म एकदम छान. आणि आज किती टिकलीत? चौदा. सहा का गेली? गप्प. एका पोरामागे कंपनीचा खर्च किती? ते एचआरला माहीत. तीस किंवा जास्त माणसं असली की कायद्याने अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, हे त्यांना पाठ होतं, पण आपल्याकडे कुठल्या ट्रेडचे किती हवेत हे कोण ठरवतं ते माहीत नव्हतं.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या, पोरांना आवडलं का, ती शिकली का, कामावर गेल्यावर तसं वागतात का, आणि धंद्याला काय फरक पडला. आमचे दादा दुसऱ्या पायरीवर पक्के उभे होते, आणि मॅनेजरचा पगार तिसऱ्या-चौथीचा असतो. (तो सत्तावीसचा मुलगा तिथे पोचलाय असं मला अजिबात म्हणायचं नाही.)

मग पर्याय काढले. चुनाभट्टीच्या एनएसटीआयमधला (सरकारी कौशल्य प्रशिक्षण संस्था) इन्स्ट्रक्टरचा एक वर्षाचा कोर्स त्यांच्या मनात होता, पण तो शिकवायला शिकवतो आणि ते यांना येतंच. देवनारला टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) एचआरचं एमए दोन वर्षं पूर्णवेळ, म्हणजे नोकरी सोडा, बाद. आयएसटीडी या ट्रेनिंगवाल्यांच्या संस्थेचा ट्रेनिंग अँड डेव्हलपमेंटचा डिप्लोमा नोकरी करून होतो, पण तो डिप्लोमा, कंपनीला मास्टर्सच हवं असेल तर नाही चालणार. राहिलं दूरशिक्षण. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने सांगितलंय की मान्यता असलेल्या विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, तेव्हा फी भरण्याआधी मान्यता मात्र यूजीसीच्या साइटवर स्वतः बघायची, एजंट दाखवेल तो कागद नाही. आणि सिलॅबस उघडायचा. ट्रेनिंगची गरज कशी शोधायची, बजेट, मूल्यमापन, कायदा हे किती पेपरांत आहे? बऱ्याच एचआर एमबीएत ट्रेनिंगला एखादाच पेपर असतो, तेव्हा नावावर जाऊ नका.

पण फॉर्म भरायच्या आधी त्या सहा पोरांना फोन करा म्हटलं.

तीन आठवड्यांनी आले. चौघांनी एकच कारण दिलेलं, ट्रेनिंग फर्स्ट शिफ्टला आणि नंतर नेमणूक नाइटला, रात्री कल्याणहून यायचं कसं, बस नाही. म्हणजे शिकवण्यात काही खोट नव्हतीच. दादांनी ते एका पानावर लिहून त्या सत्तावीसच्या मॅनेजरला दिलं, त्याने वर पाठवलं, पुढे काय झालं अजून कळलं नाही.

दूरशिक्षणाचा एक सिलॅबस त्यांनी निवडलाय, ट्रेनिंगचे तीन पेपर आहेत त्यात. बायकोचं म्हणणं एवढंच, की मुलीची दहावी आणि यांची परीक्षा एकत्र आली तर घरातलं टेबल एकच आहे.